सीडी१९ ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर नव्हे

परळला तपासणीसाठी येणाऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरची प्रथिनं लेसरने ओळखणाऱ्या तपासणीत, सीडी१९ ‘पॉझिटिव्ह’ आलं की ब्लड कॅन्सर पक्का, सीडी४ कमी म्हणजे एचआयव्ही, रक्त बर्फात न्यावं आणि नमुन्यात अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) जास्त घातली की रिपोर्ट अचूक येतो. चारही विधानं चुकीची आहेत. पहिल्याने तर घरंच्या घरं हादरतात.

सीडी१९ हे बी पेशींच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, पृष्ठभागावरचं प्रथिन आहे आणि ते निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतं. त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडलेला असतो. पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात, रंग चमकला की ‘पॉझिटिव्ह’. एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेली, २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार१९ ही ब्लड कॅन्सरवरची उपचारपद्धती नेमकी सीडी१९वरच नेम धरते; म्हणूनच तिच्यात कॅन्सरच्या पेशींसोबत निरोगी बी पेशीही मारल्या जातात. सीडी१९ फक्त कॅन्सरच्या पेशींवर असतं, तर हे झालंच नसतं. निदान करताना डॉक्टर बघतात ते एकाच पेशीवर कुठली प्रथिनं एकत्र आहेत आणि किती ठळक आहेत. निरोगी बी पेशींपैकी काहींवर कॅपा नावाची प्रथिनाची साखळी असते, काहींवर लॅम्डा. जवळपास सगळ्या एकाच प्रकारच्या निघाल्या, तर शंकेला जागा आहे.

सीडी४, म्हणजे हे प्रथिन असलेल्या पांढऱ्या पेशींची संख्या, क्षयरोगात, गंभीर संसर्गात, स्टेरॉइडमुळेही घसरते. एचआयव्हीचं निदान वेगळ्या चाचणीने होतं.

बर्फाचा सल्ला तर नुकसानच करतो. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत जपून आणलेली जांभळ्या झाकणाची नळी बर्फाला टेकून गोठली, तर पेशी फुटतात आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. या तपासणीचं रक्त सहसा खोलीच्या तापमानालाच ठेवतात. लॅबने वेगळं सांगितलं असेल तर तसं करा, आणि नळी शक्य तितक्या लवकर पोचवा.

राहिली जास्त अँटिबॉडी. जादा अँटिबॉडी नको तिथे चिकटते. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचे एफसी रिसेप्टर तिची शेपटी पकडतात, मेलेल्या पेशीही तिला ओढून घेतात, आणि ज्या पेशीवर ते प्रथिन नाही तीही चमकू लागते. म्हणून चांगल्या लॅबमध्ये अँटिबॉडीचं प्रमाण आधी ठरवतात: तेच रक्त, अँटिबॉडी दरवेळी निम्मी करत जायची, आणि चमकणाऱ्या व न चमकणाऱ्या पेशी सर्वांत स्पष्ट वेगळ्या दिसतील ते प्रमाण घ्यायचं. बऱ्याचदा ते बाटलीवर सुचवलेल्या प्रमाणापेक्षा कमीच निघतं.