मामाचा काळा गूळ

आज बेळगावात, शहापूरच्या एका दुकानात पिवळाधम्मक गूळ बघितला. खोक्यावर 'ऑरगॅनिक', खाली कन्नडमध्ये 'सावयव'. गूळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर घालतात, म्हणून दुकानदाराला विचारलं, "हायड्रॉस घातलंय काय?" तो म्हणाला, "मॅडम, लिहिलंय की ऑरगॅनिक!" डोकंच फिरलं.

माझे मामा खानापूर तालुक्यात ऊस लावतात. शेणखतावर. गुऱ्हाळात भेंडीचा चीक घालून मळी काढतात, बाकी काही नाही. गेल्या वर्षी ढेपा घेऊन बेळगावला आले, तर व्यापाऱ्यानं एक फोडून बघितली आणि म्हणाला, काळा आहे, चालणार नाही. संध्याकाळी मामा ढेपांसकट आमच्या दारात. पाणीसुद्धा मागितलं नाही त्यांनी.

शब्द तरी बघा. आपला 'सेंद्रिय' इंद्रियावरून आला, कन्नड 'सावयव' अवयवावरून. दोन्हीत जिवंत देह आहे. शाळेत शिकलो ते सेंद्रिय रसायन म्हणजे कार्बनच्या संयुगांचं. १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत युरिया तयार केला. त्या हिशोबानं युरियासुद्धा सेंद्रिय! पण सेंद्रिय शेतीत त्याच युरियाला बंदी. आता तर फेसबुकवर पैसे न भरता पोस्ट पसरली की तीही ऑरगॅनिक. शब्दानं जावं तरी कुठं?

मान्य, पिवळा गूळ दिसला की त्यात हायड्रॉस असणारच असं नाही. जमिनीनं आणि उसाच्या जातीनंही रंग बदलतो. आणि सेंद्रियचं सर्टिफिकेट नको असंही मी म्हणत नाही, नाहीतर उद्या कोणीही उठून तेच लिहील. पण जमीन सेंद्रिय ठरायला दोन-तीन वर्षं रूपांतराचा काळ, वह्या, तपासणी, फी... दोन एकरवाल्यानं हे कधी करायचं, ऊस कधी तोडायचा?

मामांना त्या दिवशी मी रागानंच म्हटलं होतं, "मामा, घाला की थोडं हायड्रॉस, सगळे घालतात." ते म्हणाले, "दर आला असता गं. पण पोरंबाळं खात्यात." ते वाक्य आज दुकानात उभी असताना पुन्हा ऐकू आलं. मी असं बोलायला नको होतं.

ते खोकं मी परत ठेवलं.

संक्रांतीच्या आधी मामांचं चुलवाण पेटेल. ज्यांना गूळ हवा त्यांनी खाली नाव लिहा, मी आणून देते. काळा आहे, आधीच सांगते.