डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी निवडून आल्या नव्हत्या

दरवर्षी ३० जुलैला, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींच्या जयंतीला, व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो. सार असे: ‘भारतातील पहिल्या महिला डॉक्टर, निवडून आलेल्या पहिल्या महिला आमदार. त्यांनी कायदा करून देवदासी प्रथा बंद पाडली आणि देशातले पहिले कॅन्सर रुग्णालय उभारले.’ बाई मोठ्याच होत्या. पण या चारही दाव्यांत गफलत आहे, आणि त्यापायी त्यांचे खरे कसब झाकले जाते.

‘पहिल्या डॉक्टर’ हे निदान मराठी माणसाने तरी पुढे पाठवू नये. मुथुलक्ष्मींचा जन्म १८८६चा, पुदुकोट्टईचा. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. विलायतेत शिकून आलेल्या रखमाबाई सुरतेत रुग्णालय सांभाळत होत्या, तेव्हा मुथुलक्ष्मी शाळकरी होत्या. मद्रास मेडिकल कॉलेजातल्याही त्या पहिल्या स्त्री नव्हेत. तिथे १८७५ मध्येच चौघींना प्रवेश मिळाला होता. मुथुलक्ष्मी तिथे दाखल झाल्या १९०७ मध्ये आणि डॉक्टर झाल्या १९१२ मध्ये. (‘रेड्डी’ हेही माहेरचे आडनाव नव्हे. ते पती डॉ. सुंदर रेड्डी यांचे. वडील नारायणस्वामी अय्यर, आई चंद्रम्माळ देवदासी परंपरेतल्या घरातली. पुढचे वाचताना हे ध्यानात असू द्या.)

आता ‘निवडून आलेल्या’. मद्रास इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क १९२१ मध्ये मिळाला, पण उमेदवारीची बंदी उठली १९२६ मध्ये. त्या निवडणुकीत कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोड्या मतांनी पडल्या. मुथुलक्ष्मी निवडणुकीला उभ्याच नव्हत्या. विमेन्स इंडियन असोसिएशन या महिला संघटनेने त्यांचे नाव पुढे केले आणि सरकारने त्यांना कायदे कौन्सिलवर नेमले. निवड झाली ती नंतर, सभागृहातच: सदस्यांनी त्यांना एकमताने उपाध्यक्ष केले. ‘पहिल्या’ म्हणताना ‘ब्रिटिश हिंदुस्थानातल्या’ हे शब्दही गाळू नयेत. संस्थानी त्रावणकोरात १९२२ मध्येच मेरी पुन्नन लुकोस यांची विधिमंडळावर नेमणूक झाली होती, आणि त्याही डॉक्टरच.

सगळ्यात मोठा गोंधळ देवदासी कायद्याचा. एका बाईने एक कायदा केला, असे काही घडले नाही. तीन वेगळ्या पायऱ्या होत्या. १९२७ मध्ये मुथुलक्ष्मींनी कौन्सिलमध्ये ठराव मांडला. ठराव म्हणजे सरकारला शिफारस. त्याने कोणाचे हात बांधले जात नाहीत. दुसरी पायरी १९२९ची, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच नसते. देवदासी घराण्यांकडे देवळाच्या इनामी जमिनी असत, सेवेच्या बदल्यात. सेवा थांबली की जमीन जाणार. म्हणून घरातली एक तरी मुलगी पिढ्यान्‌पिढ्या देवाला सोडायची; जमीन टिकवायचा तोच मार्ग. नुसती बंदी घातली असती तर त्या बाईचे पोटच गेले असते. मुथुलक्ष्मींनी हिंदू धर्मादाय कायद्यात दुरुस्ती करून घेतली: ठरावीक रक्कम भरायची, जमीन बाईकडेच, सेवेची अट रद्द. आधी भाकरीचा प्रश्न सोडवला, मग प्रथेला हात घातला. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत हुशारीचे काम हे.

मात्र या दुरुस्तीने मुलगी सोडण्यावर बंदी आली नाही. मुलगी देवाला सोडताना तिच्या गळ्यात ‘पोट्टु’ (मंगळसूत्रासारखे पदक) बांधण्याचा विधी कायदेशीरच राहिला. त्यावर बंदी घालणारे विधेयक ही तिसरी पायरी. ते त्यांनी १९३० मध्ये आणले खरे, पण ते मंजूर होण्याआधीच गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला. विरोध फक्त सनातन्यांचा होता असेही नाही. देवदासींच्या संघटनांनीच बंदीविरुद्ध निवेदने दिली होती. मद्रासचा बंदी कायदा झाला १९४७ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. बाहेरून त्यांचा पाठपुरावा चालू होता, पण सभागृहात त्या नव्हत्या. मुंबई इलाख्याचा कायदा तर त्याआधीचा, १९३४चा. आणि प्रथा ‘बंद पडली’ म्हणावे, तर कर्नाटकाला १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राला २००५ मध्ये नवे कायदे कशासाठी करावे लागले?

कॅन्सर रुग्णालयाबाबत थोडक्यात. परळचे टाटा मेमोरियल १९४१चे, मुथुलक्ष्मींची, मद्रासमधल्या अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट १९५४ची. तेव्हा ‘देशातले पहिले’ हे बाद. काही मजकुरांत ते ‘सरकारी’ही होते, तेही चूक. धाकटी बहीण १९२३ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरने गेली, तेव्हापासून मुथुलक्ष्मींच्या मनात हे रुग्णालय होते. पैसा लोकवर्गणीचा, पुढाकार विमेन्स इंडियन असोसिएशनचा. नेहरूंच्या हस्ते १९५२ मध्ये पायाभरणी झाली आणि दोन वर्षांनी रुग्णालय उघडले, तेव्हा तिथे १२ खाटा होत्या.