रेबीज: दंडातल्या सुईआधी कुत्र्याला टोचा

मेक्सिकोत 2006 नंतर कुत्रा चावून रेबीजनं कुणी दगावलेलं नाही. 1990 मध्ये तिथे अशा साठेक केसेस होत्या. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तसा दाखला दिला, आणि तो मिळवणारा तो पहिला देश ठरला. यामागे कुठलं नवं औषध नव्हतं. लॅटिन अमेरिकेतले रेबीज कार्यक्रमांचे प्रमुख 1983 पासून ठरावीक काळानं एकत्र बसत आले, एकमेकांचे आकडे बघत आले. आणि मेक्सिको वर्षानुवर्षं न चुकता कुत्र्यांना फुकट लस टोचत राहिला.

आपल्याकडे कागदांची वाण नाही. 2015 ची जिनिव्हाची रेबीज परिषद, 2018 चा '2030 पर्यंत शून्य मृत्यू' आराखडा, 28 सप्टेंबर 2021 ला जाहीर झालेली भारताची कृती योजना. माझं मत स्पष्ट आहे: तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून कामाची पद्धत आणि मोजणीची शिस्त तेवढी घ्यावी. बाकी सगळं फोटोपुरतं.

पद्धतीचं उदाहरण घ्या. लस दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा पाच भेटींत पाच पूर्ण कुप्या लागतात. बँकॉकच्या रेडक्रॉसवाल्यांनी ती कातडीत द्यायची रीत बसवली. दोन्ही दंडांवर 0.1 मिली, दिवस 0, 3, 7 आणि 28. एकूण लागते 0.8 मिली. पुढे कंबोडियातल्या पाश्चर संस्थेनं आपल्या रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं की पहिल्या आठवड्यातल्या तीन भेटी पुरतात, आणि 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते मान्य केलं. आपल्या मार्गदर्शक सूचनांत मात्र चौथी भेट कायम राहिली. रोजंदारीवरचा माणूस नेमका 28 व्या दिवशीच येत नाही. हा बदल आपण लवकर करायला हवा. तोवर तो डोस चुकवू नका.

कातडीतली सुई हाताला बसावी लागते. बरोबर गेली तर जागेवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत फुगवटा येतो. नाही आला, तर सुई खोल गेली. मग शेजारी पुन्हा 0.1 मिली द्यायचं. या रीतीनं एका कुपीत अनेकांचे डोस निघतात. पण फोडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवून सहा-आठ तासांत संपवायची असते, म्हणून लहान केंद्रात 'चार पेशंट जमले की या' असं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. लस वाया गेली तरी चालेल, माणूस परत पाठवायचा नाही.

सर्वांत कच्चा दुवा सिरमचा, म्हणजे विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार अँटिबॉडींचा (प्रतिपिंडांचा). चावून रक्त आलं असेल तर लसीबरोबर सिरमही लागतं, कारण लसीनं शरीर तयार व्हायला आठवडाभर जातो. घोड्याचं सिरम किलोमागे 40 युनिट. पंधरा किलोच्या मुलाला 600 युनिट, म्हणजे 300 युनिट प्रति मिलीच्या कुपीतून 2 मिली. ते जखमेत आणि जखमेभोवती भरायचं, कारण विषाणू तिथे आहे. ढुंगणात टोचून मोकळं व्हायची जुनी सवय अजून गेलेली नाही. बोटाच्या टोकाला मावेल तेवढंच, दाब देऊन नाही. जखमा खूप असतील तर सलाइन मिसळून वाढवायचं. टाके घालावेच लागले तर आधी सिरम, मग सैल टाके. लसीच्या पहिल्या डोसाला सात दिवस उलटून गेले असतील तर सिरम द्यायचं नाही. आणि या सगळ्याआधी, घरीच, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुणं. मिरचीपूड, चुना, तेल काहीही नको.

इथे पुण्याचा संबंध येतो. सीरम इन्स्टिट्यूट आणि अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सची मासबायोलॉजिक्स यांनी मिळून प्रयोगशाळेत बनणारी अँटिबॉडी आणली, 2016 मध्ये तिला भारतात मंजुरी मिळाली. डोस किलोमागे 3.33 युनिट, त्याच मुलाला 50. घोडा नको, रिअॅक्शनची धास्ती कमी. ती विषाणूच्या एकाच जागी चिकटते, म्हणून ती जागा बदललेला विषाणू निसटू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे दोन अँटिबॉडींचं मिश्रण मला जास्त पटतं. पण तालुक्याच्या दवाखान्यात आज काहीच नसेल तर हा वाद बिनकामाचा.

हे सगळं चावल्यानंतरचं झालं. रेबीज झालेला कुत्रा सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतो. त्यामुळे 70 टक्के कुत्र्यांना लस टोचली की साखळी तुटते, वर्षभरात नवी पिल्लं आली तरी. मारून ती तुटत नाही. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर 1997 नंतर कुत्री प्रचंड संख्येनं मारली, रेबीज तिथेच राहिला. लोकांनी कुत्री लपवली, दुसरीकडून नवी आणली.

गोव्यात सरकार आणि 'मिशन रेबीज' ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून काय केलं ते बघा. पाळीव कुत्र्यांसाठी घरोघर जाणारी जोडी, भटक्यांसाठी जाळी घेऊन गाडीवरचं पथक. टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण, मोबाइलवर जीपीएससह नोंद. नंतर त्याच गल्लीत फिरून खुणेची किती, बिनखुणेची किती हे मोजायचं. 70 च्या खाली भरलं की पथक पुन्हा त्याच गल्लीत. 2018 आणि 2019 मध्ये गोव्यात रेबीजनं एकही माणूस गेला नाही, 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं.

आपल्या बहुतेक नगरपालिकांकडे 'इतकी कुत्री टोचली' हा आकडा असतो. एकूण कितीपैकी, हे कुणी विचारत नाही. चावल्याची नोंद आरोग्य खात्याकडे, कुत्र्याची पशुसंवर्धनाकडे, आणि पकडणारा ठेकेदार तिसऱ्याच टेबलाचा. चावलेला कुत्रा मेला तर त्याच्या मेंदूचा नमुना कुणी पाठवायचा यावरच फाइल थांबते.

दोडामार्ग-सावंतवाडीचा कुत्रा गोव्यात जाताना चेकपोस्टवर थांबत नाही. सिंधुदुर्ग आणि गोवा यांनी एकाच पंधरवड्यात, एकाच अॅपवर, एकाच रंगाच्या खुणेनं मोहीम घ्यावी. बेळगाव आणि कारवारकडची गावंही त्यातच धरावीत.