हायवे सोडा, गावचा रस्ता धरा

सायकलवाल्या मंडळींनो, आज जरा स्पष्टच बोलणारे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबईतून दर रविवारी पहाटे एवढे लोक चांगल्या चांगल्या सायकली घेऊन बाहेर पडतात आणि जातात कुठे, तर नाशिक हायवेवर. भिवंडीच्या गोडाऊनच्या रांगा, बाजूने सुसाट जाणारे कंटेनर, रस्त्याचं काम चालू असेल तर तोंडभर धूळ, मग पडघा नाहीतर फार फार तर शहापूर, तिथे चहा, फोटो, आणि परत त्याच रस्त्याने घरी. स्ट्राव्हावर (राइडची नोंद ठेवणारं ॲप) ॲव्हरेज स्पीड चांगला दिसतो हे मान्य, पण मला खरंच विचारावंसं वाटतं की त्या चार तासांत बघितलं काय? पुढच्या ट्रकचं मडगार्ड आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी, एवढंच ना?

आणि हे सगळं कुठे, तर ठाणे जिल्ह्यात, जिथे मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत सायकल फिरवायला इतके सुंदर छोटे रस्ते आहेत की दुसरीकडे कुठे जायची गरजच नाही.

किलोमीटरच्या दगडाकडे कधी नीट बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, आणि नारंगी दिसलं की समजायचं आपण प्रधानमंत्री ग्रामसडकच्या गावरस्त्यावर आलो. ही योजना २००० साली सुरू झाली आणि त्यातले बरेचसे रस्ते पावणेचार मीटर रुंद, म्हणजे साधारण बारा फूट. समोरून एसटी आली तर तुम्ही साइडपट्टीवर उतरायचं, ड्रायव्हर हात करणार, तुम्ही हात करणार, झालं. पुढचा अर्धा तास कदाचित दुसरी गाडीच नाही. मला तर नारंगी दगड दिसला की खांदे आपोआप सैल होतात.

या भागातली जमीन सपाट नाहीये आणि मजा तिथेच आहे. सह्याद्रीच्या सोंडा खाली उतरत येतात, मध्ये काळू, शाई, भातसा आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे. गाव आणि वाड्या उंचावर, भाताची खाचरं खाली, आणि रस्ता मात्र प्रत्येक ओढ्याला खाली उतरून मोरी ओलांडून परत वर चढणार. म्हणजे एकही मोठा घाट नाही तरी दिवसभर चढउतार चढउतार. हायवेची सवय असलेला माणूस इथे पहिल्या तासातच दमतो कारण तो प्रत्येक चढ स्पीडमध्ये मारायला जातो. तसं नाही करायचं. उतारावर सायकल मोकळी सोडायची (मोरीच्या आधी खड्डा नाही ना ते बघून), चढ सुरू व्हायच्या आत गिअर हलका करायचा आणि मग आरामात पाय फिरवत राहायचं. पुढे ३४ दातांची चकती आणि मागेही ३४ दातांची असली की पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, म्हणजे सायकल जेमतेम २.१ मीटर पुढे सरकते, पण मागे सामान असलं तरी चढ निघतो. टायर ३५ किंवा ४० मिलिमीटरचे घ्या आणि हवा दगडासारखी टाइट भरू नका, नाहीतर खडी निघालेल्या रस्त्यावर मनगटांची वाट लागते. सामान पाठीवर अजिबात नको, कॅरियरला पॅनिअर (बाजूला लटकवायच्या पिशव्या) लावा, पाठ मोकळी राहिली की मान वर राहते आणि मान वर राहिली तरच डोंगर दिसतात.

रस्ते कुठले? बदलापूरहून बारवी धरणाच्या जंगलातून मुरबाडला जाणारा रस्ता बऱ्याच जणांना माहीत आहे, तो सुरुवातीला उत्तम. (बारवी आणि भातसाचं पाणी आपल्या शहरांच्या नळांना येतं, ते कुठून येतं हे एकदा तरी सायकलवरून जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं.) पुढे मुरबाडहून म्हसा आणि म्हशावरून देहरीकडे, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, डावी-उजवीकडे पसरलेली सह्याद्रीची भिंत. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला या, किंवा डोळखांबकडे वळून आजोबा डोंगर जवळ येताना बघा. नवी मुंबईवाल्यांना तर पनवेल-नेरे-धोदाणी हा माथेरानच्या पायथ्याचा रस्ता अगदी दारात आहे, फक्त पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाढेश्वरची गर्दी असते तेव्हा नका जाऊ. सातवाहनांच्या काळात कल्याणहून नाणेघाटमार्गे जुन्नरला माल जायचा तो याच मुलखातून, आणि पायाच्या किंवा बैलाच्या वेगाने. त्या वेगाच्या सगळ्यात जवळ आज सायकलच आहे.

मोसम बदलला की रस्ता बदलतो हे कारने जाऊन कळणार नाही. जूनच्या सुरुवातीला आदिवासी बायका शेवळाच्या (ही एक रानभाजी) जुड्या घेऊन बसलेल्या असतात, दसऱ्यानंतर भातकापणी, मग त्याच खाचरांत जमिनीच्या ओलीवर वाल आणि हरभरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर, नंतर मोहाचा वास, एप्रिल-मेमध्ये राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतात तो) भाजतात त्याचा धूर आणि जाळ्यांना करवंदं. सायकल थांबवायला पार्किंग लागत नाही. ताई, ही भाजी कशी करायची असं विचारलं की शेवळाबरोबर काकडं (एक रानफळ) का घालायचं (नाहीतर घसा खाजतो) इथपासून सगळं सांगतात.

ब्रेव्हेवाल्यांनी (ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायच्या राइडवाल्यांनी) रागावू नये. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करणं ही शिस्त आहे, मला त्याचा आदरच आहे. पण ते म्हणजेच सायकलिंग असं नवीन पोरापोरींना वाटायला लागलंय त्याचं वाईट वाटतं. इंग्लंडमध्ये सायकलवरून भटकणाऱ्यांचा क्लब १८७८ साली निघाला, मोटारगाडी यायच्याही आधी, आणि आजही तिथली माणसं झुडपांच्या कुंपणांमधल्या अरुंद गल्ल्यांतून कुठलीही घाई न करता गावोगाव फिरतात. अशा गल्ल्यांना 'शांत रस्ता' म्हणून जाहीर करायची सोय त्यांनी २००० साली कायद्यातच केली. बेल्जियमच्या लिंबर्ग भागात १९९५ मध्ये अजून सोपं केलं, सायकलच्या रस्त्यांच्या प्रत्येक फाट्याला नंबर दिला, आपण कागदावर चार-पाच नंबर लिहून घ्यायचे आणि निघायचं, फोन बघायची गरज नाही.

आपल्याकडे असं का होऊ नये? त्यासाठी कोट्यवधींचे सायकल ट्रॅक नकोत, ट्रॅक तयारच आहे. फक्त फाट्याफाट्यावर वाचता येतील अशा पाट्या हव्यात, कारण मुरबाडच्या आतल्या भागात तीन रस्ते फुटतात आणि एकावरही नाव नसतं, नेटवर्कही नसतं.

यावर एक मित्र मला म्हणाला, तुम्ही शहरातले लोक फिरायला जाणार म्हणून गावांनी अरुंद रस्त्यावरच राहायचं का? प्रश्न बरोबर आहे आणि मी त्यावर बराच विचार केलाय. गावाला चांगला रस्ता मिळालाच पाहिजे, पावसात मोरी बुडून ॲम्ब्युलन्स अडकता कामा नये, एसटी वेळेवर आली पाहिजे, डांबर टिकलं पाहिजे. पण रस्ता चांगला करणं वेगळं आणि हायवेचं ट्रॅफिक चुकवायला डंपरना शॉर्टकट करून देणं वेगळं. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमण्याला येऊन संपतो, त्यावर सायकल काय मोटरसायकलही चालत नाही, वेगाने जायचंय त्यांच्यासाठी ७०१ किलोमीटरची सोय केलीये ना? मग खडीच्या गाड्या बारा फुटी रस्त्यावर कशाला? त्या रस्त्याच्या कडा तोडतात, आणि गावाला पुढची कित्येक वर्षं तुटक्या कडांवरूनच जावं लागतं.

आणि त्या रस्त्यांवरचे खरे सायकलवाले आपण नाहीच. आपण रविवारी जातो. सोमवार ते शनिवार तिथे शाळेतल्या मुली सायकल चालवतात, मानव विकास कार्यक्रमासारख्या सरकारी योजनांतून राज्यात मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात त्या याचसाठी. दोघी-तिघी शेजारी-शेजारी, गप्पा मारत, हेल्मेट नाही, आरसा नाही, मागून डंपर आला तर उतरायला जागा नाही. म्हणून माझी जिल्हा परिषदेकडे आणि आपल्या सगळ्या सायकल ग्रुप्सकडे एकच मागणी आहे, ग्रामीण मार्गांवर शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला जड गाड्या बंद करा. ग्रुपवाल्यांनी यासाठी आपापल्या लेटरहेडवर निवेदन द्यावं, आणि देताना त्या त्या गावच्या शाळेच्या हेडसरांना आणि सरपंचांना बरोबर घ्यावं. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांपासून सुरुवात करू, मसुदा मी लिहून देतो.