‘पाहुणी’ म्हणणाऱ्या निनावी वाचकाला उत्तर

नमस्कार निनावी,

जर्मनीतल्या चर्चच्या संस्था साध्या नोकरीलाही धर्माची अट घालतात, ते चूक आहे, ही माझी पोस्ट वाचून एवढी लांबलचक कमेंट टाकलीत, आभार. आधी चूक कबूल करते. डियाकोनीने (प्रोटेस्टंट चर्चची समाजसेवी संस्था) वंशभेदावरचा अहवाल लिहायला माणूस हवा म्हणून जाहिरात दिली, अट चर्चच्या सभासदत्वाची, आणि अर्ज करूनही डावलल्या गेलेल्या, सभासद नसलेल्या व्हेरा एगेनबर्गर कोर्टात गेल्या, ती जाहिरात 2012 ची. मी 2013 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, खूश?

आता तुमचं ते वाक्य. "पाहुण्यासारखं राहावं, यजमानाने कुणाला कामावर ठेवावं हे सांगणाऱ्या तुम्ही कोण?" पाहुणी? अहो अकरा वर्षं दर महिन्याला माझ्या पगारातून टॅक्स कापला जातो, पाहुण्याकडून कोण पैसे घेतं हो? चर्चच्या सभासदांच्या पगारातून चर्च टॅक्स कापतात, स्लिपवर ती ओळ माझी कोरी असते, मी सभासद नाही, ठीकच आहे. पण चर्चची बालवाडी काय नुसत्या त्या टॅक्सवर चालते? मोठा वाटा सरकारी पैशाचा, आणि चर्चच्या हॉस्पिटलचं बिल ज्या आरोग्य विम्यातून जातं त्याचा हप्ता मीही भरते. कारितास (कॅथलिक चर्चची तशीच संस्था) आणि डियाकोनी मिळून दहा लाखांच्या वर माणसं कामाला आहेत, चार पाद्र्यांचं प्रकरण नाहीये हे.

आणि मला ऐकीव सांगू नका. लेकीच्या चर्चच्याच बालवाडीत स्वयंपाकघरात मदतनीस हवी होती, मी अर्ज केला. फॉर्मवरचा धर्मपंथाचा रकाना रिकामा सोडला तर बाईंनी त्यावर पेनाने दोनदा टकटक केलं, तोंडाने काही नाही. मी ‘हिंदू’ लिहिलं. आठवड्याने नकार. गाजरं चिरायला बाप्तिस्मा कशाला लागतो, सांगा की! लेकीची फी घेताना नाही विचारला कुणी धर्म.

"देवळात ख्रिश्चन पुजारी ठेवाल का?" पुजाऱ्याबद्दल मी बोललेच कुठे? चष्मा लावून परत वाचा. त्या कामाला धर्म खरंच लागतो का हे कोर्टाने तपासावं, एवढंच एगेनबर्गरबाईंच्या खटल्यात युरोपियन कोर्ट 2018 मध्ये म्हणालं. कार्ल्सरूहेच्या जर्मन घटना न्यायालयाने 2025 मध्ये त्यांच्या बाजूचा निकाल रद्द केला म्हणता, हो केला, माहितीये मला, त्यावर लिहीन कधीतरी.

बाकीच्या मुद्द्यांना वेळ नाही. आणि ‘ताई’ म्हणून सुरुवात करून शेवटी ‘तुमच्यासारख्या बायका’वर आलात ना, ते स्वतःच्या नावाने लिहा. पुढची निनावी कमेंट अप्रूव्ह करणार नाही.