निरोप पोचतो, माल अडकतो

ग्रामीण पुरवठ्याचा विषय निघाला की भारतातला वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, सगळ्यांच्या हाती ॲप द्या, दलाल आपोआप जातील. दुसरी म्हणते, ॲपचं काय घेऊन बसलात, आधी रस्ते करा. टांझानियात बसून हा वाद वाचताना वाटतं, एक प्रश्न दोघांच्याही हातून निसटतोय: निरोप ज्याला मिळतो, त्याला माल हलवता येतो का?

इथलाच प्रयोग घ्या. 2009 मध्ये लिंडी ग्रामीण, किगोमा ग्रामीण आणि उलांगा या तीन जिल्ह्यांतल्या 129 आरोग्य केंद्रांत ‘एसएमएस फॉर लाइफ’ सुरू झालं. दर गुरुवारी कर्मचाऱ्याच्या साध्या फोनवर विचारणा यायची आणि तो मलेरियाच्या औषधांची शिल्लक कळवायचा. एसएमएस फुकट, वेळेत उत्तर दिलं तर वर थोडा टॉकटाइम. शुक्रवारी आठवण, सोमवारी जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे गोषवारा. 21 आठवड्यांत, एखादं तरी औषध संपलेल्या केंद्रांचं प्रमाण 78 टक्क्यांवरून 26 वर आलं. पण लिंडीत तुटवडा संपला आणि किगोमा मागे राहिला. फोनवरची व्यवस्था तर सगळीकडे तीच होती.

शेजारच्या मलावीत हे अधिक स्पष्ट दिसलं. तिथल्या ‘सीस्टॉक’मध्ये गावपातळीवरचा आरोग्यसेवक औषधाचा कोड आणि शिल्लक पाठवतो, प्रणाली गरज मोजून आरोग्य केंद्राला कळवते. काही जिल्ह्यांत याच्या जोडीला केंद्रातून माल आणायच्या सायकलींच्या देखभालीवर भर दिला, काहींत शिल्लक आकडे समोर ठेवून नियमित बैठक घेणारे गट नेमले. बैठकीवाले जिल्हे सरस ठरले. सायकलपेक्षा बैठक उपयोगी, हे पचायला जरा जड जातं खरं.

आकडे मागवणंही वाटतं तितकं सोपं नाही. पहिली अडचण एककाची. एक जण डबे मोजतो, दुसरा गोळ्या, आणि दोघेही ‘24’ पाठवतात. म्हणून एकक कोडमध्येच बांधून टाकावं. दुसरी, कर्मचाऱ्याची बदली होते आणि नोंदवलेला नंबर त्याच्याबरोबर जातो. नोंद केंद्राच्या नावावर हवी. तिसरी चूक महागात पडते ती मागणी मोजताना. महिन्यात 60 पाकिटं खपली, पण माल विसाव्या दिवशीच संपला होता. म्हणजे रोज 3 आणि खरी मासिक गरज 90. वहीतले 60 धरून दोन महिन्यांसाठी 120 मागवली तर ती चाळीस दिवसांत संपतील. तुटवडा असा स्वतःच पुढचा तुटवडा जन्माला घालतो. त्यामुळे शिल्लकीबरोबर ‘किती दिवस माल नव्हता’ हा आकडा मागवायलाच हवा. नेटवर्क तुटकं असेल तिथे साधा एसएमएस बरा: लिहिलेला निरोप फोनमध्येच राहतो, रेंज आली की पाठवता येतो. यूएसएसडीचा, म्हणजे *…# असा नंबर लावल्यावर फोनवर उघडणारा मेनू मध्येच तुटला की पुन्हा पहिल्यापासून.

शेतमालाच्या भावांचंही तेच. केरळात 1997 नंतर मोबाइल आले आणि मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून कोणत्या किनाऱ्याला लागायचं ते ठरवू लागले. किनाऱ्याकिनाऱ्यांतली भावाची तफावत खूप घटली, मासळी फेकून देणं जवळपास थांबलं. महाराष्ट्रात मात्र 100 गावांत शेतकऱ्यांना एसएमएसने बाजारभाव आणि हवामान कळवूनही त्यांच्या हाती पडणाऱ्या भावात ठळक फरक दिसला नाही. फाफशाँ आणि मिंटेन या अर्थतज्ज्ञांचा हा अभ्यास 2012 मध्ये छापून आला. माझ्या मते फरक होडीचा आहे. मच्छीमाराला ती वळवता येते. गाडीभाडं, उधारी आणि ठरलेला व्यापारी यांत अडकलेल्या शेतकऱ्याला दूरच्या बाजारातला चढा भाव नुसता वाचायला मिळतो. रस्तेवाल्यांचं म्हणणं इथे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं उधारीत आहे.

भारतात हे कुणाला ठाऊक नाही असं मुळीच नाही. 2015 पासून लसींसाठी उभारलेल्या ‘ईविन’मध्ये फोनवर साठा आणि सेन्सरवर तापमान दिसतं, शिवाय त्या आकड्यांवर हालचाल करायला जिल्ह्यात व्यवस्थापक असतो. ॲपच्या कौतुकात हा माणूस बातमीतून गळतो. नव्या ॲपची निविदा निघेल तेव्हा त्यात एवढं विचारावं: एका केंद्राचा जादा माल दुसऱ्याला द्यायची सही कोण करणार, किती दिवसांत, आणि त्या फेरीचं पेट्रोल कोणत्या खात्यातून?