आप्पांचे १२ टक्के

अमळनेरच्या शेअर्सच्या गोष्टी आम्ही खान्देशातली पोरं लहानपणापासून ऐकत आलोय. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली आणि ज्यांनी शेअर्सचे कागद जपले त्यांचं भलं झालं. त्यातून डोक्यात एकच बसलं, शेअर घ्यायचा आणि धरून ठेवायचा. शेअरसोबत मतही येतं, हे कुणी सांगितलं नाही.

आमच्या आप्पांचे एका जिनिंगच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत १२ टक्के शेअर्स होते. ७० टक्के दोघा भावांकडे, उरलेले १८ चार जणांत. कापसाचे हंगाम चांगले गेले तरी लाभांश कधी आला नाही. भाऊ, मुलं, सुना सगळे पगारावर, नफा तिथेच जिरायचा. विकायला जावं तर असल्या शेअर्सना गिऱ्हाईक कोण? सभेची नोटीस आली की आप्पा घडी करून कपाटात ठेवायचे. म्हणायचे, "आपला हातमा काय शे?"

हातात होतं! ते गेल्यावर मला कळलं, आणि याचा आजही त्रास होतो. १० टक्के भांडवल असलं की विशेष सभा बोलवायला लावता येते. अन्यायाची, गैरकारभाराची तक्रार घेऊन कंपनी न्यायाधिकरणात जाता येतं. (लाभांशाचं मात्र अवघड आहे. संचालक मंडळाने सुचवल्यापेक्षा जास्त सभासुद्धा देऊ शकत नाही.)

आणि ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त तोच सर्वेसर्वा, हेही खरं नाही. साधा ठराव तेवढ्यावर होतो. पण कंपनीची नियमावली बदलायची तर विरोधी मतांच्या निदान तिप्पट मतं लागतात. ३० टक्के विरोधात गेले असते तर त्या भावांना ९० लागले असते. होते ७०. फक्त, जो मतच देत नाही त्याचे शेअर्स मोजले जात नाहीत. एकट्या आप्पांच्या १२ ने काही अडलं नसतं.

शेअर बाजारातल्या कंपन्यांत तर मोबाइलवरून मत देता येतं. प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या, नात्यागोत्यातला मोठा व्यवहार असेल, तर त्याच्या बाजूने त्यांना मत टाकता येत नाही. तिथे आपलंच मत चालतं, आणि आपण मतदानाचा मेल उघडतही नाही.

ते १२ टक्के आता माझ्या नावावर आहेत. सप्टेंबरच्या सभेआधी चौघांच्याही घरी जाऊन आलो. तिघं येतो म्हणाले.